आजेसासूबाईंचं नाव ‘आयरीन’: अर्थ, संत, उच्चार आणि नोंद

वाचकाचं पत्र

आमचं लग्न आंतरधर्मीय. यजमान वसईचे कॅथलिक, माझं माहेर साताऱ्याकडचं. दोन महिन्यांत घरी बाळ येईल. मुलगी झाली तर यजमानांच्या आजीचं नाव द्यायचं असं आमचं ठरलं आहे. आजींना सगळी आळी ‘इरेनबाय’ म्हणायची, शाळा-ऑफिसातले लोक ‘आयरीन’ म्हणायचे. नेटवर शोधलं तर एका ठिकाणी अर्थ ‘शांतीची देवी’, दुसरीकडे ‘राणी’, तिसरीकडे ‘इराणची’. माझी आई म्हणते, परक्या देवीचं नाव कशाला? ‘इरा’ ठेवा, ते त्याचंच आपलं रूप आहे. सासूबाईंना या नावाच्या संताच्या सणाचा दिवस हवा आहे, पण तारखा तीन-चार सापडतात. शिवाय मराठीत हे नाव लिहायचं तरी कसं? आयरीन, आयरिन, इरीन, इरेन, सगळंच दिसतं. नीट समजावून सांगाल का?

एक होणारी आई, वसई

उत्तर

नेटवरच्या तीन अर्थांपैकी दोन निराधार आहेत, आणि ‘शांतीची देवी’ हा तिसरा अर्धाच खरा आहे. देवी होण्याच्या आधी हा ग्रीक भाषेतला साधा, रोजचा शब्द होता आणि आजही आहे. अर्थ एकच, शांतता. ध्यानाला बसल्यावर मिळते ती मनःशांती इथे अभिप्रेत नाही. युद्ध थांबल्यावर गावागावांत नांदते ती ही शांतता: शेतं पेरता येतात, जहाजं बंदराला लागतात, मुलं घरी परततात. अथेन्समध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात तहाला वेगळा शब्द होता, आणि तहानंतर जी स्थिती येते तिला ‘एरेने’ म्हणत. पुढच्या शतकात हाच शब्द खुद्द तहालाही लागू झाला. आजच्या ग्रीसमध्ये बातम्यांत शांतता-चर्चा म्हणायचं असेल तेव्हा हाच शब्द येतो, आणि अथेन्सच्या मेट्रोचं ऑलिंपिक स्टेडियमजवळचं स्थानकही याच नावाचं आहे. तिथे इरिनी नावाच्या मुलीला आपल्या नावाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही, जसा आपल्याकडे शांतीला विचारावा लागत नाही.

शब्दाचं मूळ ग्रीकच्याही मागे जाणारं असावं असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. कारण ग्रीकच्या वेगवेगळ्या बोलींत त्याचे स्वर नेहमीच्या नियमांप्रमाणे जुळत नाहीत: अथेन्सच्या बोलीत ‘एरेने’, तर डोरिक बोलीत ‘इराना’. अस्सल ग्रीक शब्द इतके वाकडेतिकडे बदलत नाहीत. बाहेरून उचललेला शब्द मात्र प्रत्येक बोली आपापल्या कानाने घेते.

‘इराणची’ हा अर्थ केवळ ध्वनीच्या साम्यावरून आलेला आहे. इराण हे नाव ‘आर्यांचा’ या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दावरून येतं, त्याचा या ग्रीक शब्दाशी काही संबंध नाही. ‘राणी’ला तर तेवढाही आधार नाही. अशा यादीत एकाने लिहिलेलं दुसरा उतरवून घेतो, म्हणून चार ठिकाणी तेच दिसलं तरी त्याला चार पुरावे समजू नका.

आता आईंच्या हरकतीबद्दल. ग्रीकांनी या शब्दाला देवीचं रूप दिलं हे खरं आहे. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात झ्यूस आणि थेमिस या देवतांच्या तीन मुली येतात: युनोमिया म्हणजे सुव्यवस्था, डिके म्हणजे न्याय, आणि एरेने म्हणजे शांतता. ऋतूंच्या देवता असं त्यांचं एकत्र वर्णन आहे. अथेन्सने स्पार्टाशी इ.स.पू. ३७५ च्या सुमारास तह केला, तेव्हा या देवीला दरवर्षी बळी देण्याची प्रथा शहराने सुरू केली. तिची काशाची मूर्ती केफिसोडोटस या शिल्पकाराने घडवली आणि ती अथेन्सच्या भर चौकात उभी राहिली. मूळ मूर्ती आता नाही, पण रोमन काळात केलेली संगमरवरी प्रत म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहे. उभी स्त्री, डाव्या हातावर लहान मूल, आणि दोघं एकमेकांकडे पाहत आहेत. ते मूल म्हणजे प्लूटोस, समृद्धी. शांतता नांदली तर घरात धनधान्य वाढतं, हा त्या शिल्पाचा सरळ अर्थ. या देवीचं चित्र आईंना दाखवायचं असेल तर हेच दाखवा. लेकरू कडेवर घेतलेल्या आईची ही मूर्ती त्यांना परकी वाटणार नाही.

पण तुमच्या घरात हे नाव या देवीमुळे आलेलं नाही, हे आईंना नक्की सांगा. मुलींचं नाव म्हणून हा शब्द ख्रिस्ताच्या तीनशे वर्षं आधीच रूढ झाला होता. अलेक्झांडरचा सेनापती पहिला टॉलेमी आणि थाईस यांच्या मुलीचं नाव हेच होतं, तिचं लग्न सायप्रसमधल्या सोली या नगराच्या राजाशी झालं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी चित्रकार स्त्रियांची नावं देतो, त्यात क्रॅटिनस या चित्रकाराची मुलगी आणि शिष्या आयरीन आहे. ख्रिस्ती घरांत हे नाव टिकलं त्याला वेगळं कारण आहे. हिब्रू ‘शालोम’ला बायबलच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द वापरला गेला, आणि योहानच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना ‘तुम्हाला शांती असो’ म्हणतो तिथेही हाच शब्द आहे. मिस्सामध्ये एकमेकांना शांती देतात ती हीच. रोमच्या भुयारी दफनभूमींत कबरींवर ‘शांतीत’ अशी ग्रीक अक्षरं कोरलेली सापडतात, त्यातही हाच शब्द आहे. इस्तंबूलमध्ये तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या चौकात ‘आया इरीनी’ नावाचं मोठं प्राचीन चर्च आहे. पुष्कळ पर्यटकांना ते कुणा संत आयरीनचं वाटतं. प्रत्यक्षात ते ‘पवित्र शांती’ला अर्पण केलेलं आहे, व्यक्तीला नाही. ५३२ च्या दंगलीत जळाल्यावर सम्राट जस्टिनियनने ते पुन्हा बांधलं.

सासूबाईंना तीन-चार तारखा सापडल्या त्या चुकीच्या नाहीत. या नावाच्या संत एकाहून अधिक आहेत, म्हणून तारखाही अनेक आहेत. तुमच्या कामाच्या तीन आहेत, एक बाजूला ठेवण्याची आहे.

पहिली ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराची आयरीन. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ मध्ये ख्रिस्ती धर्मग्रंथ सरकारजमा करून जाळण्याचा हुकूम काढला. थेस्सालोनिकीत अगापे, खिओनिया आणि आयरीन या तिघी बहिणींनी मूर्तीला वाहिलेलं अन्न खायला नकार दिला, आणि आयरीनने ग्रंथ लपवून ठेवले होते. ३०४ मध्ये सुभेदार डुलसिटियससमोर खटला चालला. आधी दोघींना जिवंत जाळलं, मग आयरीनलाही. तिला विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरं या हकिकतीत अशा कोरड्या दप्तरी भाषेत आली आहेत की बहुतेक अभ्यासक त्यामागे खरी न्यायालयीन नोंद असल्याचं मानतात. तिघींच्या नावांचे अर्थ प्रेम, हिम आणि शांती. रोमन दिनदर्शिकेत हिचा दिवस ५ एप्रिल. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च तिघींना एकत्र १६ एप्रिलला स्मरतं.

दुसरी रोमची आयरीन. बाणांनी विंधलेल्या संत सेबॅस्टियनला मेलेला समजून सोडून दिलं होतं. ती त्याचं प्रेत न्यायला गेली, तो जिवंत आढळला, आणि तिने त्याची शुश्रूषा केली, अशी परंपरा आहे. चित्रकारांनी हा प्रसंग फार वेळा रंगवला आहे: रात्र, हातात दिवा किंवा मशाल, आणि जखमेतला बाण काढणारी स्त्री. वसई आणि गोव्यात संत सेबॅस्टियनची भक्ती जुनी आहे, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ही गोष्ट आधीच माहीत असण्याची शक्यता पुष्कळ.

तिसरी पोर्तुगालच्या तोमारची आयरीन, आणि वसईसाठी हीच सगळ्यात जवळची. पोर्तुगीज तिला ‘इरिया’ म्हणतात. सातव्या शतकातली ही कुमारिका हुतात्मा, दिवस २० ऑक्टोबर. कथेनुसार तिला मारून नदीत टाकलं आणि देह वाहत जिथे थांबला त्या गावाला तिचं नाव मिळालं: ‘सांक्ता इरेने’ झिजत झिजत ‘सांतारेम’ झालं. पोर्तुगालमधल्याच फातिमा गावी १९१७ मध्ये तीन मुलांना मारिया माउलीचं दर्शन झालं ती जागा ‘कोवा दा इरिया’, म्हणजे इरियाचा खळगा. तेही नाव हिच्याशीच जोडलं जातं. सासूबाई फातिमा माउलीची भक्ती करत असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगा. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि इथल्या कॅथलिक घरांतली बहुतेक जुनी नावं पोर्तुगीज वाटेनेच आली.

बाजूला ठेवण्याची तारीख म्हणजे ५ मे. ग्रीसमध्ये इरिनी नावाच्या बायका त्या दिवशी नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, साजरा करतात. ती थोर हुतात्मा आयरीनची ऑर्थोडॉक्स तारीख आहे, तुमच्या पॅरिशच्या दिनदर्शिकेत ती सापडणार नाही. २८ जूनही कोणी सुचवलं तर तो ल्योनच्या संत इरेनेयसचा दिवस आहे. शब्द तोच, पण ते पुरुषाचं नाव. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये त्यांना चर्चचे आचार्य जाहीर केलं.

आजींची संत यांपैकी कोणती, हे तर्काने ठरवू नका. त्यांचा बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशमध्ये नोंदवही असते. जाताना चार गोष्टी लिहून न्या: आजींचं पूर्ण नाव, जन्माचं अंदाजे वर्ष, आईवडिलांची नावं, आणि लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं ते. बाप्तिस्म्याचं पान लवकर सापडत नसेल तर लग्नाच्या नोंदीवरून मागे जाता येतं, कारण लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला पाहिलेला असतो. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये किंवा पोर्तुगीज वळणाच्या असतात, त्यामुळे आई-वडिलांची नावंही बदललेली दिसतील, जसं जॉनचं ‘योआनेस’. तिथे ‘इरेने’ लिहिलं आहे की ‘इरिया’, ते नीट पाहा. जन्म ऑक्टोबरच्या मध्यावर असेल तर तोमारची संत धरायला चांगला आधार मिळतो, कारण जन्माच्या जवळच्या संताचं नाव ठेवण्याची रीत होती. जन्म एप्रिलच्या आरंभी असेल तर थेस्सालोनिकीची. दोन्ही नसेल तर तुम्ही दोघांनी मनाने निवडा. आमच्या मते सेबॅस्टियनची जखम धुणारी आयरीन लहान मुलीला सांगायला सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, पण ज्या संताची तारीख निश्चित हवी तिथे ५ एप्रिल किंवा २० ऑक्टोबर सोयीची.

या नावाच्या इतर स्त्रियांबद्दल थोडं, कारण मुलगी मोठी झाल्यावर विचारेलच. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, दरबारात परदेशी राजकन्या सून म्हणून आली की तिला पुष्कळदा हेच नाव देत, कारण तिच्या लग्नाने दोन राज्यांत शांतता होई. खझार राजकन्या चिचाक आठव्या शतकात अशीच आयरीन झाली. तिच्या मुलाची बायको अथेन्सहून आली, तिचं नावही आयरीन, म्हणजे सासू-सून दोघी एकाच नावाच्या. ही सून पुढे ७९७ ते ८०२ स्वतःच्या बळावर साम्राज्य चालवणारी पहिली स्त्री ठरली. ७८७ च्या निकायाच्या धर्मसभेतून तिने मूर्ती-चित्रांची उपासना पुन्हा सुरू करवली, आणि सत्तेसाठी स्वतःच्या मुलाचे डोळे काढवले. नावाचा अर्थ माणसाला बांधून ठेवत नाही, एवढं यावरून घरातल्या सगळ्यांना कळावं. आधुनिक काळात मेरी क्यूरी यांची थोरली मुलगी इरेन जोलियो-क्यूरी आहे, जन्म १८९७, रसायनशास्त्राचं नोबेल १९३५ मध्ये पती फ्रेडरिकसह. फ्रेडरिक या जर्मन नावाच्या पहिल्या भागाचा अर्थही शांतीच, म्हणजे त्या जोडप्यात दोघांच्या नावात एकच अर्थ होता. आणि पोलंडच्या इरेना सेंडलर, ज्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीतून सुमारे अडीच हजार मुलांना बाहेर काढून वाचवलं. आम्हाला विचाराल तर या नावाचा अर्थ त्यांनी सगळ्यांत पूर्णपणे जगून दाखवला.

उच्चारांचा घोळ कसा झाला हे एकदा समजलं की लिहिण्याचा प्रश्न निम्मा सुटतो. जुन्या अथेन्समध्ये ‘ए-रे-ने’, तिन्ही स्वर लांब. रोमनांच्या काळापर्यंत पहिला ‘ए’ बदलून ‘ई’ झाला होता, म्हणून लॅटिनमध्ये नाव ‘ईरेने’ असं गेलं. ग्रीकमध्ये बदल पुढेही चालू राहिला आणि उरलेले दोन ‘ए’ही ‘ई’ झाले, म्हणून आज ग्रीक लोक ‘इरिनी’ म्हणतात, जोर मधल्या अक्षरावर. लॅटिन रूप पोर्तुगीजांकडे आलं, त्यांनी शेवटचा ‘ए’ जवळजवळ गिळला, आणि उरलं ‘इरेन’. इंग्रजीने सुरुवातीच्या ‘ई’चा ‘आय’ केला. ब्रिटनमध्ये आधी ‘आय-री-नी’ अशी तीन अक्षरं म्हणत, मग दोनच राहिली: ‘आयरीन’. म्हणजे आळीतल्या बायका ज्या नावाने आजींना हाक मारत ते इंग्रजी शाळेतल्या उच्चारापेक्षा जुनं आणि मुळाला जवळचं आहे. ‘इरेन’ हे गावठी रूप आहे असा समज घरात असेल तर तो काढून टाका.

रशियनमध्ये हेच नाव ‘इरीना’, पोलिशमध्ये ‘इरेना’. आणि रशियात इरीनाला घरी ‘इरा’ म्हणतात. आईंचा तर्क इथे अगदी योगायोगाने बरोबर ठरतो, पण पूर्ण नाही.

आपली ‘इरा’ वेगळी. वैदिक संस्कृतात इरा म्हणजे तृप्त करणारं पेय, अन्न, सत्त्व. पुराणांत दक्षाची मुलगी आणि कश्यपाची पत्नी इरा आहे, जिच्यापासून झाडं, वेली आणि गवत जन्मले असं सांगतात. इरावती म्हणजे असं जीवनरस वाहणारी नदी, आजची रावी. अलेक्झांडरचे ग्रीक सैनिक इ.स.पू. ३२६ मध्ये या नदीपाशी पोचले होते, त्यांनी तिचं नाव ऐकून ‘हायड्राओटेस’ असं लिहिलं. त्या रूपातही ‘एरेने’ची खूण दिसत नाही. मराठी वाचकाला ‘इरा’ म्हटलं की इरावती कर्वे आठवतात. त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांना हे नाव मिळालं.

म्हणून आमचा सल्ला असा: ‘इरा’ हे घरातलं लाडाचं नाव म्हणून खुशाल वापरा. त्यात आईंचाही मान राहतो आणि रशियन घरांतही हीच रीत असल्याने ते ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. पण आजींचं नाव पुढे न्यायचं असेल तर कागदावर ‘इरा’ लिहू नका. तसं केलं तर आजींचं नाव राहिलंच नाही, एक दुसरंच नाव आलं. ग्रीक घरांतली लाडाची रूपं हवी असतील तर ‘रेना’ आणि ‘रिन्यो’ आहेत, ‘रेना’ आपल्या कानाला गोड लागतं. बारशाला आईंना पाळण्यातलं नाव ठेवू द्या, आणि त्यांनी ‘शांता’ ठेवलं तर अर्थही तोच राहील. दशरथाची मुलगी, ऋष्यशृंगाची पत्नी शांता, हे नाव साताऱ्यात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता देवनागरी. ‘आयरीन’ लिहिलंत तर ‘री’ दीर्घ ठेवा. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तेव्हा त्याआधीचा इकार मराठीत दीर्घ येतो, म्हणून ‘आयरिन’ डोळ्याला खटकतं. विभक्ती लागली तरी तो दीर्घच राहू द्या: आयरीनला, आयरीनची. ‘बहीण’चं ‘बहिणीला’ होतं तसं विशेषनामाचं करू नये. ग्रीक रूप निवडलंत तर ‘इरिनी’, मधला ह्रस्व आणि शेवटचा दीर्घ. आम्ही स्वतः ‘इरेन’कडे झुकतो. ते आजींचं खरं नाव आहे, आणि त्यात ह्रस्व-दीर्घाचा वाद निघण्याजोगं फारसं काही नाही, हा मोठा व्यावहारिक फायदा आहे. सरकारी कागदांत नाव बिघडतं ते बहुतेक वेळा इकार-उकारातच. मात्र एक तोटा पत्करावा लागेल: इंग्रजी अक्षरं पाहून शाळेत बाई ‘आयरीन’च वाचतील, आणि मुलीला पुन्हा पुन्हा उच्चार दुरुस्त करावा लागेल. हे नको वाटत असेल तर ‘आयरीन’ ठेवा, आणि घरी इरेन म्हणा.

माहेरी अवकहडा पाहणार असतील तर रूप आधी ठरवा. कृत्तिकेची चार चरणाक्षरं अ, ई, उ, ए. ‘आयरीन’ पहिल्या चरणात, म्हणजे मेष राशीत पडतं, आणि ‘इरेन’ किंवा ‘इरिनी’ दुसऱ्या चरणात, वृषभेत. एकाच नावाच्या दोन रूपांमुळे रास बदलते, आणि बारशाच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं तर उगाच वाद होतो.

इंग्रजी अक्षरं कोणतंही रूप निवडलं तरी आय, आर, ई, एन, ई हीच ठेवा. ग्रीक पासपोर्टवर लिप्यंतराच्या सरकारी नियमामुळे ई, आय, आर, आय, एन, आय असं लिहितात. ते दिसायला वेगळं आणि सुंदर वाटतं, पण भारतात त्याचा उच्चार कोणालाही जमणार नाही, आणि प्रत्येक अर्जात अक्षरं सांगत बसावं लागेल.

नोंदणीचं काम असं करा. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत नोंदवायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ते काम दवाखानाच करतो, आणि मुलाच्या नावाची जागा त्या वेळी रिकामी ठेवता येते. घाई करू नका. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा नाव लागलं की चूक सुधारणं कठीण जातं, कारण कायद्याप्रमाणे मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात, आणि त्यासाठी पुरावे मागतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्ट, शाळा, आधार अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे पुढच्या सगळ्या कागदांचं मूळ हाच दाखला.

अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने असतात. दोन्ही स्वतः, सुट्या ठळक अक्षरांत लिहा, आणि ‘इरेन’ शेजारी इंग्रजी अक्षरं दिसतील याची खात्री करा. कर्मचारी इंग्रजीवरून मराठी रूप स्वतः बनवतात तेव्हा ‘इरेने’, ‘आयरेने’ अशी रूपं उगवतात. दाखला छापण्याआधी पडद्यावर नाव दाखवायला सांगा. आधारच्या वेळीही इंग्रजी टाइप केलं की मराठी रूप यंत्र आपोआप भरतं. ते तिथल्या तिथे सुधारता येतं, म्हणून पोचपावतीवर सही करण्याआधी दोन्ही ओळी वाचा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे ते काम पटकन उरकतं आणि तपासायचं राहून जातं. शाळाप्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातं ते पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच नाव जातं, आणि तिथून पुढे बदल करायचा तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नाव हवं, तसं नसेल तर त्याला संताचं नाव जोडावं, असा जुना नियम १९१७ च्या चर्च-कायद्यात होता. १९८३ च्या कायद्यातल्या ८५५ व्या कलमानुसार ख्रिस्ती भावनेला परकं नाव नसावं, इतकंच पाहतात. म्हणजे फादर ‘इरेन’, ‘आयरीन’, ‘शांता’ यांपैकी कशालाही नकार देणार नाहीत. तरी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आणि जन्मदाखल्यावर अक्षरं एकसारखी ठेवा. पुढे तुमच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासले जातात, आणि एका अक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला जाल तेव्हा जन्मदाखल्याची छायाप्रत सोबत न्या आणि नाव त्याच्यावरून उतरवून घ्यायला सांगा.